घड्याळ एकच, चित्रे साठ

तुमच्या धाकट्या भावंडांच्या गणिताच्या पुस्तकात घड्याळांची पाने तुम्ही नक्कीच पाहिली असतील. एका पानावर बारा घड्याळे, प्रत्येकात निराळी वेळ, आणि खाली प्रश्न : 'किती वाजले?' अशी पाच पाने म्हणजे साठ घड्याळे. आता असे समजा, की ही पाने संगणकावर तयार करण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. तुम्ही ते कसे कराल?

पहिला विचार मनात येतो तो असा, की एक घड्याळ नीट काढावे, त्याच्या एकोणसाठ नकला कराव्यात आणि प्रत्येक नकलेतले काटे हाताने सरकवावेत. काम होईल, नाही असे नाही. पण पाचवे पान संपत आले असताना गुरुजी येऊन म्हणाले, "आकडे जरा मोठे हवेत," तर साठही घड्याळे पुन्हा दुरुस्त करत बसावे लागेल. काट्यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. साडेतीनची वेळ दाखवताना घाईत मिनिटकाटा सहावर नेला आणि तासकाटा तीनवरच राहून गेला, तर तसे घड्याळ जगात कुठेही पाहायला मिळणार नाही. साडेतीनला तासकाटा तीन आणि चार यांच्या बरोबर मध्ये असतो. हे चित्र पाहून शिकणारे दुसरीतले मूल चुकीचेच शिकेल, आणि आपण चुकीचे शिकलो हे त्याला कळणारही नाही.

चित्र एकदाच काढायचे, पण ते असे काढायचे की हवे तेव्हा, हव्या त्या जागी, हव्या त्या वेळेसह ते स्वतःच उमटेल. संगणकाच्या चित्रकामातला या अडचणीवरचा उपाय हाच होय. अशा चित्राला या लेखापुरते आपण 'चित्रवस्तू' म्हणू.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचा आयव्हन सदरलँड नावाचा विद्यार्थी लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर काम करीत होता. १९६३ साली त्याने डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली सादर केली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तिच्यात रेघा काढता येत. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सदरलँडने एखादी आकृती 'साचा' म्हणून ठेवण्याची सोय केली होती. त्या साच्याच्या कितीही प्रती चित्रात मांडता येत. प्रत्येक प्रत लहान, मोठी किंवा तिरपी करता येई. आणि मूळ साच्यात एक रेघ बदलली की साऱ्या प्रतींत ती आपोआप बदले. हे कसे शक्य झाले? कारण प्रतीमध्ये रेघा नव्हत्याच. 'अमुक साचा, अमुक ठिकाणी, इतका मोठा, इतका फिरवलेला' एवढीच नोंद प्रत्येक प्रतीची होती. सदरलँडला पुढे १९८८ साली संगणकशास्त्रातील मानाचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. चित्र साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत चित्र म्हणजे ठिपक्यांचे जाळे. २१० × २९७ मिलिमीटरच्या ए-४ कागदावर इंचाला ३०० ठिपके धरले, तर एका पानाला सुमारे ८७ लाख ठिपके होतात, आणि त्यातला कोणता ठिपका काट्याचा व कोणता आकड्याचा हे संगणकाला ठाऊक नसते. दुसऱ्या रीतीत चित्र म्हणजे सूचनांची यादी : येथून तेथवर रेघ काढ, या बिंदूभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढ. आपली चित्रवस्तू या दुसऱ्या जातीची. १९८४ साली अडोबी या कंपनीने आणलेली पोस्टस्क्रिप्ट ही छपाईयंत्रांची भाषा याच रीतीची, आणि १९९३ मध्ये त्याच कंपनीने आणलेली पीडीएफ ही दस्तऐवजाची पद्धतही तीच. या दोन्हींत लांबी 'पॉइंट'मध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-४ पान सुमारे ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच भरते. आरंभबिंदू पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो, म्हणजे तुमच्या आलेखकागदावर पहिल्या चरणात असतो तसाच.

आता घड्याळ काढायला घेऊ. नवशिक्या माणूस येथे पहिली चूक करतो ती आरंभबिंदूची. पहिले घड्याळ पानाच्या वरच्या डाव्या बाजूला यायचे आहे म्हणून तो (१००, ७५०) हा मध्य धरतो आणि सारे बिंदू त्या हिशेबाने काढतो. घड्याळ छान दिसते. पण ते त्या जागेला खिळलेले असते. दुसऱ्या जागी हवे तर सगळी आकडेमोड पुन्हा! म्हणून चित्रवस्तूने स्वतःचा आलेखकागद सोबत बाळगावा. आपल्या घड्याळाचा मध्य (०, ०), त्रिज्या १००. कुठले १००? पॉइंट की मिलिमीटर? कुठलेच नव्हे, नुसते १००. पान किती मोठे, घड्याळ त्यावर कुठे, याच्याशी या घड्याळाला काही कर्तव्य नाही.

तबकडीची कृती मग अशी लिहिता येते :

त्रिज्या १०० चे वर्तुळ काढ.
पुढील दोन गोष्टी ६० वेळा कर :
(०, ९२) पासून (०, १००) पर्यंत रेघ काढ;
कागद ६ अंशांनी फिरव.

साठ रेघांचे एकशे वीस बिंदू मोजण्याची यातायात वाचली. रेघ एकच, फक्त तिच्याखाली कागद फिरत राहतो. दर पाचवी रेघ ९२ ऐवजी ८५ पासून सुरू केली की तासांच्या खुणा ठळक दिसतात. परंतु हीच युक्ती आकड्यांना लावाल तर फसाल. कागदाबरोबर आकडेही फिरतील आणि सहाचा आकडा डोक्यावर उभा राहील. आकड्यांसाठी कागद फिरवायचा नाही, फक्त जागा काढायची. गणितात कोन उजवीकडून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. घड्याळात तो वरून, सुलट दिशेने मोजावा लागतो. म्हणून क्रमांक 'न' च्या आकड्याचा गणिती कोन ९० − ३०न. चारच्या आकड्यासाठी ९० − १२० = −३० अंश; मध्यापासून ७२ अंतरावर त्याची जागा येते (७२ × कोसाइन ३०, −७२ × साइन ३०), म्हणजे (६२.४, −३६). शिवाय मजकूर दिलेल्या बिंदूपासून उजवीकडे लिहिला जातो, त्यामुळे प्रत्येक आकडा त्याच्या अर्ध्या रुंदीने डावीकडे आणि अर्ध्या उंचीने खाली सरकवावा लागतो. '१२' हा '१' पेक्षा रुंद, म्हणून हे सरकवणेही प्रत्येकाचे निराळे. असल्या बारीक गोष्टी एकदाच नीट करायच्या आणि मग विसरून जायच्या, हा चित्रवस्तूचा मोठाच फायदा.

तयार घड्याळ पानावर ठेवताना तीन क्रिया लागतात : लहानमोठे करणे, फिरवणे, सरकवणे. या तिन्हींची कितीही मिसळ केली तरी शेवटी ती सहा संख्यांत मावते. मूळ बिंदू (क्ष, य) असेल तर नवा बिंदू (अ·क्ष + क·य + च, ब·क्ष + ड·य + छ). पीडीएफमध्ये प्रत्येक चित्राची जागा अशा सहा संख्यांनीच सांगतात. पण क्रम चुकवू नका. आलेखकागद घ्या आणि (१०, ०) हा बिंदू मांडा. आधी ९० अंश फिरवून मग ५ घरे उजवीकडे सरकवला, तर तो (५, १०) वर पोचतो. आधी सरकवून मग फिरवला, तर (०, १५) वर! पानावरचे घड्याळ भलत्याच कोपऱ्यात गेले तर पहिला संशय क्रमाचाच घ्यावा.

दुसरा संशय य-अक्षाचा. पानावर य वर वाढतो. पण संगणकाच्या पडद्यावर, आणि वेबपानांसाठी वापरतात त्या एसव्हीजी पद्धतीत, तो खाली वाढतो. वर वाढणाऱ्या अक्षासाठी लिहिलेली सूत्रे तिकडे तशीच नेली तर बारा खाली जातात, तीन मात्र उजवीकडेच राहतात, आणि घड्याळ उलटे चालू लागते.

येथवरची चित्रवस्तू म्हणजे फार तर एक उत्तम रबरी शिक्का झाला. स्केचपॅडमधल्या प्रतींचेही तसेच होते; प्रत फिरवा, सरकवा, लहानमोठी करा, पण तिच्या पोटात काही बदलता येत नसे. आपल्या साठ घड्याळांत तर काटे बदलायचे आहेत. ठिपक्यांच्या रांगोळीची गोष्ट आठवा. आजी पोरींना रांगोळी शिकवते तेव्हा कागदावरची नक्कल देत नाही. 'सात ठिपके सात ओळी' एवढे सांगते आणि जोडायची रीत दाखवते. नऊ ठिपके घेतले तर तीच रांगोळी मोठी होते. चित्रवस्तूलाही असे काही प्रश्न मोकळे ठेवावे लागतात, ज्यांची उत्तरे वापरणाऱ्याने द्यायची. त्यांना गुणधर्म म्हणतात. कोणते प्रश्न मोकळे ठेवायचे आणि कोणते कायमचे मिटवून टाकायचे, हे ठरवणे माझ्या मते या सगळ्या कामातला खरा कस पाहणारा भाग होय. बाकीची नुसती भूमिती आहे.

घड्याळासाठी कोणते गुणधर्म ठेवावेत? सहज सुचतात ते 'तासकाट्याचा कोन' आणि 'मिनिटकाट्याचा कोन'. हे दोन ठेवले की तुम्ही साडेतीनच्या त्या अशक्य घड्याळाला दार उघडून दिले. त्याऐवजी 'तास' आणि 'मिनिट' ठेवा. कोन वस्तू स्वतः काढील. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश चालतो; तासकाटा तासाला ३० अंश आणि शिवाय मिनिटाला अर्धा अंश. ३ वाजून ३० मिनिटांनी तासकाटा ३ × ३० + ३० × ०.५ = १०५ अंशांवर, म्हणजे गणिती कोन −१५. काटा ६० लांबीचा असेल तर त्याचे टोक (५८.०, −१५.५) येथे येते. आता वापरणाऱ्याने काहीही केले तरी दोन काट्यांचे एकमेकांशी भांडण होऊ शकत नाही.

सगळेच प्रश्न मोकळे ठेवले तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. प्रत्येक रेघेचा रंग, प्रत्येक खुणेची लांबी, प्रत्येक आकड्याचा टाइप, असे चाळीस गुणधर्म दिले तर वापरणाऱ्याला घड्याळ नव्याने काढण्याइतकाच त्रास होईल. उत्तम रीत अशी, की प्रत्येक गुणधर्माला एक समंजस उत्तर आधीच देऊन ठेवावे. काहीच सांगितले नाही तरी घड्याळ उमटावे, दहा वाजून दहा मिनिटांचे का होईना.

लंडनच्या रिपोर्टलॅब या कंपनीने पायथन भाषेसाठी तयार केलेल्या आणि सर्वांना विनामूल्य खुल्या असलेल्या आज्ञासंग्रहात हे सारे फार शिस्तीने केलेले दिसते. तेथे रेघ, वर्तुळ, मजकूर हे मूळ आकार, त्यांचा समूह म्हणजे गट, आणि गुणधर्म असलेल्या चित्रवस्तूला 'विजेट' असे नाव. विजेट स्वतः कागदावर काहीच काढत नाही. 'तू कसा दिसतोस ते सांग' असे विचारले की तो आपले गुणधर्म पाहून मूळ आकारांचा एक गट तयार करून देतो, एवढेच त्याचे काम. त्या गटाचे पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट, एसव्हीजी की ठिपक्यांचे चित्र करायचे, ते काम निराळ्या चार भागांकडे सोपवलेले आहे. य-अक्षाची उलटापालट तो तो भाग सांभाळतो. घड्याळ रचणाऱ्याला तिची गंधवार्ताही लागत नाही.

या संग्रहातील आणखी एक गोष्ट शिक्षकांनाही आवडेल. पायथन भाषा तशी भोळी आहे. 'मिनिट' ऐवजी तुम्ही 'मिनीट = ३०' असे लिहिले तर ती तक्रार न करता 'मिनीट' नावाचा एक नवाच कप्पा तयार करते. खरा 'मिनिट' जसाच्या तसा राहतो आणि घड्याळ चुकीची वेळ दाखवते. म्हणून रिपोर्टलॅबच्या वस्तूंजवळ आपल्या गुणधर्मांची यादी असते : नाव काय, आणि उत्तर कोणत्या प्रकारचे चालेल. यादीबाहेरचे नाव आले किंवा संख्येच्या जागी दुसरेच काही आले तर वस्तू तिथल्या तिथे हरकत घेते. आपल्या घड्याळानेही ७५ मिनिटे सांगितल्यास नकार द्यावा. गुपचूप सव्वा तास धरून पुढे जाऊ नये.

चित्रवस्तूला शेजारधर्मही पाळावा लागतो. काटे काढताना तिने जाड लाल लेखणी घेतली, काम संपले आणि लेखणी तशीच सोडली, तर पुढच्या प्रश्नाची चौकटही जाड आणि लाल येते. बिघाड दिसतो चौकटीत, मूळ असते घड्याळात! म्हणून पोस्टस्क्रिप्ट व पीडीएफ या दोन्हींत 'आताची स्थिती जपून ठेव' आणि 'जपलेली स्थिती परत आण' अशी आज्ञांची जोडी आहे. वस्तू सुरू होताना पहिली, संपताना दुसरी. मित्राची कंपासपेटी घेतली तर जशी होती तशी परत करावी, त्यातलाच प्रकार.

आता थोडा हिशेब करू. तबकडीत १ वर्तुळ, ६० खुणा आणि १२ आकडे मिळून ७३ आकार. साठ घड्याळांचे झाले ४,३८०. पण साठही तबकड्या हुबेहूब सारख्या आहेत. बदलतात ते फक्त काटे. पीडीएफमध्ये अशी न बदलणारी आकृती एकदाच लिहून तिला नाव देता येते आणि मग जागोजागी नुसते नाव घेता येते. या सोयीला तेथे 'फॉर्म एक्सऑब्जेक्ट' असे अवजड नाव आहे. तसे केले तर ७३ आकार, ६० वेळा नाव आणि १२० काटे, म्हणजे एकूण २५३ नोंदी. रबरी शिक्का आणि रांगोळीची रीत या दोन्हींना एकाच चित्रात काम मिळाले : तबकडी हा शिक्का, काटे ही रीत. मात्र या काटकसरीच्या मागे सुरुवातीलाच लागू नये. शिक्का एकदा कोरला की त्याच्यातले आकडे एका घड्याळापुरते देवनागरी आणि दुसऱ्यापुरते रोमन करता येत नाहीत. दुसरा शिक्का कोरावा लागतो.

मापे बदलताना सगळे प्रमाणात वाढते आणि घटते, असे आपण आतापर्यंत धरून चाललो. ते नेहमी खरे नसते. त्रिज्या १०० चे घड्याळ त्रिज्या १० चे केले तर १ पॉइंट जाडीची रेघ ०.१ पॉइंटची, म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिमीटरची होते, आणि कित्येक छपाईयंत्रांवर ती धडपणे उमटत नाही. वस्तूने अशा वेळी जाडीला खालची मर्यादा घालावी, किंवा मिनिटांच्या खुणा सरळ गाळून टाकाव्यात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपला राष्ट्रध्वज आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तिकेसाठी ध्वजाची चित्रवस्तू करायची ठरवली, तर काम सोपे वाटते. लांबी आणि उंची ३ : २, तीन सारख्या पट्ट्या, मध्ये २४ आऱ्यांचे चक्र. एक आरा काढा, १५-१५ अंशांनी २४ वेळा फिरवा की चक्र झाले. चक्र ही वस्तू ध्वज या वस्तूच्या पोटात बसवा. प्रमाण ठरलेले असल्यामुळे लांबी आणि उंची हे दोन प्रश्न मोकळे ठेवू नयेत, एकच ठेवावा. रंग आणि आऱ्यांची संख्या तर वापरणाऱ्याला विचारूच नयेत. पण चक्र केवढे? भारतीय ध्वजसंहितेत ध्वजाचे नऊ प्रमाणित आकार दिले आहेत. ६३०० × ४२०० मिलिमीटरच्या ध्वजावर चक्राचा व्यास १२९५ मिलिमीटर. ९०० × ६०० च्या ध्वजावर १८५. दोन्हींत चक्र उंचीच्या सुमारे ३०.८ टक्के आहे. आता ४५० × ३०० चा ध्वज पाहा : व्यास ९०, म्हणजे ३० टक्के. आणि सर्वांत लहान १५० × १०० च्या ध्वजावर व्यास फक्त २५ मिलिमीटर, पाव भाग! मोठा ध्वज नुसता आक्रसून लहान केला असता तर तेथे जवळजवळ ३१ मिलिमीटरचे चक्र आले असते, आणि ते नियमाला सोडून झाले असते.

म्हणून 'एक ध्वज काढा आणि हवा तेवढा ताणा' ही रचना येथे चालत नाही. 'आकार' या गुणधर्माला कोणतीही संख्या न घेता नऊ आकारांपैकी एक निवडायला लावणे हा एक मार्ग. आकार निवडताच वस्तू कोष्टकातून चक्राचा व्यास काढून घेते, आणि कागदावर बसवण्यासाठी सगळा ध्वज मग एकत्र लहान होतो. केशरी पट्टी खाली येईल असा ध्वज लावू नये, हे संहितेत स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा य-अक्षाची चूक घड्याळात हसण्यावारी नेता आली तरी येथे नेता येणार नाही. ध्वज उलटा होईल अशी सहा संख्यांची मिसळ आली तर वस्तूने काढण्यास नकार द्यावा काय, यावर वर्गात वाद घालून पाहा. 'अ × ड − ब × क' ही संख्या ऋण आली तर आकृती आरशातल्यासारखी उलटलेली असते, एवढी खूण तुम्हांला देऊन ठेवतो. मात्र १८० अंश फिरवलेला ध्वज या खुणेने पकडता येत नाही. तो का, हे आधी कागदावर करून पाहा.

आणि हे जमले की तापमापकाची चित्रवस्तू रचून पाहा. पाऱ्याची उंची मोकळी ठेवाल, की तापमान? सेल्सिअस आणि फॅरेनहाइट असे दोन गुणधर्म ठेवले, तर वापरणाऱ्याने एकात ४० आणि दुसऱ्यात ९८.६ भरल्यावर तुमचा तापमापक काय दाखवील?